चार वाजून बावन्न मिनिटं

पाकीट पातळ होतं. मागे जांभळा शिक्का :
‘आतल्या मजकुराला तुरुंग जबाबदार नाही.’
शुक्रवार. थिबोडोसाहेब दिवे मालवत निघालेले,
माझा डबा पिशवीत, गाडीची किल्ली हातात,
आणि टपालाच्या ट्रेमध्ये तेवढं एकच उरलेलं.
सोमवारी उघडलं असतं तरी
कुणी मला बोललं नसतं.

का उघडलं, ते आजही नीट सांगता येत नाही.
पाकिटाचा एक कोपरा सुटला होता, एवढंच,
आणि मला अर्धवट उकललेलं काही बघवत नाही.

छापील अर्ज, पेन्सिलीनं भरलेला.
पानागणिक टोक बोथट होत गेलेलं,
शेवटच्या पानावर अक्षरं सुजल्यासारखी.
अर्जदार : बुन्थावी सायासान.
जन्म : निर्वासितांची छावणी, आता तिथं ऊस आहे.
धंदा : छपरं घालणं.
प्रतिवादी, म्हणजे तुरुंगाधिकाऱ्याचं नाव, तिथं त्यानं लिहिलं होतं :
‘रात्री आम्हाला मोजतो तो. नाव सांगत नाही.’

किती दिवस कोठडीत? तीनशे चौदा.
‘लाओस म्हणतो, आमचा नाही.
थायलंड म्हणतो, इथं फक्त जन्मला.
तुम्ही म्हणता, जा.
जातो. दार दाखवा.’

तळ्यात-मळ्यात खेळावं आणि कुणीतरी
तळंही पुसून टाकावं, मळाही,
आणि उडी मारायला सांगत राहावं.

मला कायदा सांगायची परवानगी नाही.
सांगितला तर नोकरी जाते.
शिक्का मारता येतो.
तारखेचं चाक आठावर अडकतं, बोटाला थुंकी लावून फिरवलं.
चार बावन्न.
सोबत पाच डॉलर शुल्क,
दिवसाला एक डॉलर, पाच दिवस फरशी पुसल्याचे.

रात्री दोनला त्याला बसमध्ये घातलं. टेक्सास.
हे मला नंतर कळलं, फाइलीतून, जसं सगळं कळतं.
सरकारी वकिलानं लिहिलं :
माणूस आता आपल्या हद्दीत नाही, सबब अर्ज फेटाळावा.
शिवाय त्याची प्रवासाची कागदपत्रं लवकरच येत आहेत.
‘लवकरच’ सात वेळा. मी मोजले.
दुकानावरची पाटी असते ना, आज रोख उद्या उधार,
तसा तो उद्या.

जज मॅकएल्वीन बाईंनी उत्तर बाजूला सारलं,
पहिलं पान काढलं, चष्मा कपाळावर चढवून
माझा शिक्का बघितला. आठ जरा पुसट होता.
म्हणाल्या, अर्ज आला तेव्हा माणूस इथं होता.
मग माझ्यापुरता तो इथंच आहे. आणा.

बंदी प्रत्यक्षीकरण.
बावीस वर्षं हा शब्द मी फाइलींवर चिकटवत आले,
बंदी किती पाहिले, प्रत्यक्ष?
कागद पाहिले.

आणला. बुटका, एक खांदा उतरलेला
(छपराचे गठ्ठे त्याच खांद्यावरून चढत असणार),
प्लास्टिकच्या सपाता, एक डावी आणि दुसरीही डावी.
तो जजकडे बघेना. वकिलाकडेही.
वर बघत होता.
काही सांगायचंय का, बाईंनी विचारलं.
हात साखळीत होते, म्हणून हनुवटीनंच दाखवलं त्यानं,
ईशान्येचा कोपरा, चहाच्या रंगाचा डाग :
‘तिथं गळतंय. पत्रा नाही, सांधा गेलाय.’
लघुलेखिकेनं तेही टिपलं. नोंदीत आहे, पान चार.

अकराव्या दिवशी हुकूम निघाला. सोडा.
प्रत मी तुरुंगाला पाठवली, पोच आली,
सहीच्या जागी नुसती एक रेघ.
पाच डॉलर परत मिळत नाहीत, तसा नियम आहे.

तो कुठं गेला माहीत नाही.
डागाचं मी इमारत खात्याला कळवलंय, दोनदा,
सांधा असं अधोरेखित करून.
उत्तर आलं आहे : लवकरच.

तोवर जोराचा पाऊस लागला
की मी बादली ठेवते,
आणि पाचच्या आधी ट्रेमध्ये हात घालून बघते,
तळापर्यंत.